रिकाम्या जागेतलं मॅग्नेटिक फील्ड एवढ्या ताकदीच्या कणाला वळवतं म्हणजे नक्की काय करतं?

खोडदला जीएमआरटी ह्या रेडिओ टेलिस्कोपच्या सायन्स डेच्या गर्दीत एका बीएस्सी सेकंड इयरच्या मुलीने मला विचारलं होतं, की मॅडम, दोन गॅलक्सींच्या मधे जवळपास काहीच नसतं, तिथलं मॅग्नेटिक फील्ड पृथ्वीच्या फील्डपेक्षा कोट्यवधी पट कमी, आणि हे कॉस्मिक रे, म्हणजे अवकाशातून येणारे चार्ज असलेले कण, तर एवढ्या प्रचंड एनर्जीचे, मग ते फील्ड त्यांना स्लो करतं का, आणि वळवतं तर किती वळवतं, आणि तो अमातेरासु नावाचा कण रिकाम्या भागातून आला असं म्हणतात ते कसं काय. मागे शाळेच्या पोरांची रांग होती, त्यामुळे मी तिला दोन वाक्यात काहीतरी सांगितलं आणि ते माझ्या मनाला लागून राहिलं, कारण ह्याच प्रश्नावर माझी कामाची वीस-बावीस वर्षं गेली आहेत आणि दोन वाक्यात सांगण्यासारखा तो नाहीच. म्हणून आता बसून नीट लिहिते. तू वाचत असशील तर तुझ्यासाठी, आणि हा प्रश्न पडलेल्या बाकीच्यांसाठी पण.

आधी एनर्जीचा अंदाज घेऊ, कारण त्याशिवाय पुढचं काही समजत नाही. आम्ही ईईव्ही हे युनिट वापरतो, म्हणजे एकावर अठरा शून्यं इतके इलेक्ट्रॉन व्होल्ट. १९६२ मधे न्यू मेक्सिकोतल्या व्होल्केनो रँचला जॉन लिन्सली ह्यांना पहिल्यांदा १०० ईईव्हीचा कण सापडला. १५ ऑक्टोबर १९९१ ला युटाच्या फ्लाइज आय डिटेक्टरने ३२० ईईव्हीचा कण पकडला, तो आजपर्यंतचा सगळ्यात मोठा. ३२० ईईव्ही म्हणजे ५० जूलच्या आसपास. फिरकी बोलरने ताशी ९० किलोमीटरने टाकलेल्या क्रिकेट बॉलमधे जेवढी एनर्जी असते तेवढी, आणि ती सगळी अणूच्या एका केंद्रकात. मला अजूनही हे वाक्य लिहिताना थांबायला होतं.

असे कण फारच क्वचित येतात. १०० ईईव्हीच्या वरचा कण एका चौरस किलोमीटरवर शंभर वर्षांत एकसुद्धा धड येत नाही. म्हणून अर्जेंटिनात मालार्ग्वे गावाजवळ हे कण पकडणारी पिएर ऑजे ऑब्झर्व्हेटरी आहे ती ३००० चौरस किलोमीटरवर पसरलेली आहे, पुणे महापालिकेच्या आत्ताच्या हद्दीच्या जवळपास सहापट, आणि तिथे दीड-दीड किलोमीटरवर पाण्याच्या टाक्या ठेवल्यात, प्रत्येकीत १२,००० लिटर, साधारण १६०० टाक्या. मूळ कण जमिनीपर्यंत पोचतच नाही, वरच्या हवेत आपटून त्याचा शॉवर होतो आणि कोट्यवधी दुय्यम कण खाली येतात. इलेक्ट्रॉन आणि गॅमा किरणांचा असा शॉवर कसा वाढत जातो ह्याची थिअरी १९३७ मधे होमी भाभा आणि हाइटलर ह्यांनी दिली, आणि आपल्याकडे कोणालाही हा विषय शिकवायला मी तिथूनच सुरुवात करते.

आता तुझा पहिला प्रश्न, स्लो करतं का. नाही. मॅग्नेटिक फील्ड चार्ज असलेल्या कणावर जो फोर्स लावतं तो कायम वेगाच्या काटकोनात असतो, म्हणून फील्ड फक्त दिशा बदलतं, एनर्जी काढून घेत नाही आणि देत पण नाही. हे बारावीच्या पुस्तकात आहे, तरी विद्यार्थी सोडा, आमच्या क्षेत्राबाहेरचे प्राध्यापक पण ह्यात चुकतात. सिम्युलेशन तपासायची माझी पहिली टेस्ट हीच असते. बाकीचे सगळे इफेक्ट बंद करायचे, फक्त मॅग्नेटिक फील्ड चालू ठेवायचं, कणाला शंभर कोटी प्रकाशवर्षं पळवायचं आणि शेवटी एनर्जी बघायची. ती एक टक्का जरी हलली असेल तर कोडचा टाइम स्टेप मोठा आहे, आणि त्या रनमधली बाकीची कुठलीच गोष्ट मी बघत नाही, सरळ डिलीट.

पण, आणि हा पण महत्त्वाचा आहे, आडवळणाने गेल्यामुळे रस्ता लांबतो. आणि त्या रस्त्यावर एनर्जी खाणारं दुसरंच काहीतरी बसलेलं असतं, कॉस्मिक मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडचे, म्हणजे बिग बँगनंतर उरलेल्या, सगळ्या विश्वात भरलेल्या मंद प्रकाशाचे फोटॉन. ते बॅकग्राउंड सापडल्याचं १९६५ मधे जाहीर झालं आणि १९६६ मधे ग्रेसेन ह्यांनी अमेरिकेत, झात्सेपिन आणि कुझमिन ह्यांनी रशियात वेगवेगळं दाखवलं, की साधारण ५० ईईव्हीच्या वरचा प्रोटॉन ह्या फोटॉनवर आदळत आदळत एनर्जी घालवत जातो. त्यामुळे १०० ईईव्हीचे कण काही शेकडो कोटी प्रकाशवर्षांवरून येऊ शकत नाहीत, ते आपल्या शेजारातूनच, म्हणजे तीस-चाळीस कोटी प्रकाशवर्षांच्या आतूनच यायला पाहिजेत. जड केंद्रकांचं पण तसंच, फोटॉन लागून त्यांचे तुकडे पडत जातात. म्हणजे फील्ड स्वतः काही खात नाही, पण टोलनाके जास्त लागतील अशा रस्त्याने फिरवून आणतं.

आता किती वळवतं. इथे एक आकडा पाठ करून ठेव, मला तरी त्याच्याशिवाय एक दिवस जात नाही. पुण्यात पृथ्वीचं मॅग्नेटिक फील्ड साधारण ०.४ गॉस. नॅनोगॉस म्हणजे गॉसचा अब्जावा भाग, पुण्यातल्या फील्डच्या ४० कोटी पट कमी. १०० ईईव्हीचा प्रोटॉन १ नॅनोगॉसच्या सरळ एकसारख्या फील्डमधे सोडला तर तो ज्या वर्तुळात फिरेल त्याची त्रिज्या साधारण ३५ कोटी प्रकाशवर्षं येते. एनर्जी दुप्पट केली की त्रिज्या दुप्पट, फील्ड दुप्पट केलं की निम्मी, चार्ज दुप्पट केला की निम्मी. एवढंच गणित आहे. ३५ कोटी ऐकून वाटतं की मग वळलाच कुठे, पण अंतरं पण तशीच आहेत ना. सव्वातीन कोटी प्रकाशवर्षांचा प्रवास, जो आमच्या हिशोबात अगदी घराजवळचा, तेवढ्यातच तो पाच अंशांच्या वर वळतो. पूर्ण चंद्र आकाशात अर्धा अंश दिसतो, म्हणजे दहा चंद्र शेजारी शेजारी ठेवले तर जेवढी जागा लागेल तेवढी दिशा चुकली. फील्ड कितीही कमजोर असलं तरी त्याला काम करायला वेळ भरपूर मिळतोय, आणि तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या वेळेत आहे.

फक्त हे पाच अंश खरे धरायचे नाहीत, कारण फील्ड एवढ्या लांबपर्यंत सरळ नसतं. ते काही अंतरापर्यंत एका दिशेला असतं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या, कुठलाच नियम नाही. विसर्जनाच्या रात्री बेलबाग चौकातून अलका टॉकीजपर्यंत लक्ष्मी रोडने चालत गेलीयस का? पुढे तर जायचंच असतं, पण दर दोन पावलांवर कोणीतरी डावीकडे ढकलतं, कोणीतरी उजवीकडे. शंभर धक्के बसले तरी तू शंभर धक्क्यांएवढी एका बाजूला सरकत नाहीस, कारण बरेचसे एकमेकांना खोडतात. साधारण दहा धक्क्यांएवढी सरकतेस, म्हणजे शंभरचं वर्गमूळ. कॉस्मिक रेचं तेच होतं. फील्डची दिशा दर ३२ लाख प्रकाशवर्षांनी बदलते असं धरलं, म्हणजे एक मेगापार्सेक, तर प्रत्येक खणात प्रोटॉन अर्धा अंश वळतो, आणि असे दहा खण ओलांडले की पाच नाही तर दीडेक अंश होतात. शिवाय कणाची दिशा शेवटी जेवढी वळलेली असते त्यापेक्षा आकाशात उगमापासून तो जेवढा लांब दिसतो ते अंतर कमी असतं, कारण सरासरी काढताना तीन मितींचे फॅक्टर येतात, आणि सगळं धरून उत्तर ०.८ अंशाच्या आसपास येतं. हे सूत्र नव्वदच्या दशकापासून सगळे वापरतात, आणि मी स्वतः पहिल्यांदा ते कागदावर काढलं तेव्हा ते फॅक्टर कुठून आले हे शोधण्यात माझे दोन आठवडे गेले होते. तू पण काढून बघ, नुसतं कॉपी करू नकोस.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते कारण ह्यात चांगली चांगली मुलं अडकतात. खण असं मी सोपं करून म्हटलं, खरं फील्ड टर्ब्युलंट असतं, त्यात मोठ्या भोवऱ्यात लहान भोवरे, लहानात आणखी लहान. मग ह्यात खणाचा साइज म्हणजे काय? सगळ्यात मोठा भोवरा नाही. भोवऱ्यांची एनर्जी कोलमोगोरोव्ह पद्धतीने मोठ्यातून लहानात वाटलेली असेल तर खणाचा साइज, म्हणजे कोहेरन्स लेंग्थ, सगळ्यात मोठ्या भोवऱ्याच्या साधारण पाचव्या भागाएवढी निघते. माझ्याकडे आलेल्या एका विद्यार्थ्याने मोठा भोवरा म्हणजेच कोहेरन्स लेंग्थ धरून अख्खा चॅप्टर लिहिला होता, सगळ्या वळणांचे आकडे दुपटीहून जास्त आले होते, आणि ते सापडलं थिसिस सबमिट करायच्या महिनाभर आधी.

अजून एक. अंश लोक विचारतात, पण उशीर कोणी विचारत नाही, आणि मला विचारशील तर उशीरच जास्त इंटरेस्टिंग आहे. वाकड्या रस्त्याने आलेला कण सरळ आलेल्या प्रकाशाच्या मागून पोचणार. किती मागून? वरच्याच उदाहरणात, म्हणजे १ नॅनोगॉस, १०० ईईव्हीचा प्रोटॉन, सव्वातीन कोटी प्रकाशवर्षं, तर साधारण दीड हजार वर्षं. फक्त ०.८ अंशाच्या वळणाने दीड हजार वर्षं! अंतर दहापट केलं तर उशीर शंभरपट, दीड लाख वर्षं. वीज चमकते आणि गडगडाट नंतर येतो, तर इथे चमक बघणारा माणूसच काय, त्याची संस्कृती पण संपून जाईल आणि मग गडगडाट येईल. त्यामुळे हा कण एखाद्या क्षणिक घटनेतून आला असेल, गॅमा रे बर्स्ट म्हण किंवा ब्लॅक होलने एखादा तारा फाडून खाल्ला म्हण, तर त्या दिशेला आज टेलिस्कोप लावून काहीही दिसणार नाही. विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवणारा कण आहे तो. आणि ह्याची दुसरी बाजू अशी की एकाच क्षणी निघालेले कण वेगवेगळ्या एनर्जीचे असतील तर जास्त एनर्जीवाले आधी येतात, कमीवाले हजारो वर्षं मागून, म्हणजे आत्ता ह्या क्षणी त्या स्फोटाकडून आपल्याकडे फक्त एका अरुंद पट्ट्यातल्या एनर्जीचेच कण येत असतील. स्पेक्ट्रममधे, म्हणजे कुठल्या एनर्जीचे किती कण येतात त्या आलेखात, असा एकेका दिशेचा पट्टा सापडला तर फील्ड पण कळेल आणि उगम क्षणिक होता हे पण कळेल. तेवढा डेटा अजून कोणाकडे नाही.

हे सगळं प्रोटॉनचं झालं. आता खरी पंचाईत. येणारा कण प्रोटॉन आहे का हेच नक्की नसतं. लोखंडाचं केंद्रक असेल तर चार्ज २६, वळण २६ पट, म्हणजे ०.८ चे एकवीस अंश. उशीर चार्जच्या वर्गाने वाढतो, २६ चा वर्ग ६७६, दीड हजाराचे दहा लाख वर्षं. आणि ऑजेचा डेटा सांगतो की २ ईईव्हीच्या वर जसजशी एनर्जी वाढते तसतसे कण सरासरीने जड होत जातात. हे कळतं शॉवर हवेत किती खोलवर जाऊन सगळ्यात मोठा होतो त्यावरून, जड केंद्रकाचा शॉवर लवकर फुलतो. पण ते सरासरीने कळतं, एकेका कणावर चिठ्ठी लावून सांगता येत नाही की हा हीलियम, हा नायट्रोजन, हा लोखंड. मॅग्नेटिक फील्डला एनर्जी कळत नाही, त्याला एनर्जी भागिले चार्ज कळतं, त्याला आम्ही रिजिडिटी म्हणतो. १०० ईईव्हीचं लोखंड आणि चार ईईव्हीचा प्रोटॉन फील्डला सारखेच दिसतात, आणि चार ईईव्हीचा प्रोटॉन म्हणजे दिशा पार विसरलेला कण. माझं मत विचारशील तर गॅलक्सींच्या मधल्या फील्डबद्दल आम्ही जेवढं भांडतो त्याच्या निम्मं जरी चार्ज ओळखण्यावर खर्च केलं तर काम लवकर होईल. ऑजेच्या टाक्यांवर आता सिंटिलेटर, म्हणजे कण आरपार गेला की चमकणारे डिटेक्टर, आणि रेडिओ अँटेना बसवल्यात त्या ह्याचसाठी, आणि मला सगळ्यात जास्त आशा तिथूनच आहे.

मग ते फील्ड खरंच किती आहे? मी आतापर्यंत नॅनोगॉस धरून चालले, पण ती वरची मर्यादा आहे, त्याहून फार जास्त असतं तर मायक्रोवेव्ह बॅकग्राउंडमधे त्याच्या खुणा दिसल्या असत्या. खालची मर्यादा २०१० मधे नेरोनोव्ह आणि वोव्क ह्यांनी गॅमा किरण बघणाऱ्या फर्मी उपग्रहाचा डेटा वापरून काढली, आणि ती पद्धत इतकी सुंदर आहे की थोडं थांबून सांगतेच. ब्लेझार नावाच्या गॅलक्सी अतिशय जास्त एनर्जीचे गॅमा किरण सोडतात. ते वाटेत इन्फ्रारेड फोटॉनवर आदळून इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनची जोडी तयार करतात. ही जोडी मायक्रोवेव्ह फोटॉनना धक्का मारून कमी एनर्जीचे गॅमा बनवते, आणि वाटेत फील्ड नसेल तर हे नवे गॅमा पण त्याच ब्लेझारच्या दिशेने आपल्याला दिसले पाहिजेत. फर्मीला ते दिसत नाहीत. म्हणजे कोणीतरी त्या जोड्यांना वाटेत वळवलंय. त्यातून उत्तर आलं की फील्ड निदान एका नॅनोगॉसच्या तीस लाखाव्या भागाएवढं तरी असणार. ह्यावर एक आक्षेप आहे, की ती जोडी प्लाझ्मातल्या अस्थिरतेमुळे आधीच एनर्जी घालवत असेल तर फील्ड लागतच नाही. तो आक्षेप मला पूर्ण पटत नाही, पण तो खोडून निघालाय असं पण नाही. थोडक्यात, खालची आणि वरची मर्यादा ह्यांच्यात तीस लाख पटींची दरी आहे. खालची खरी असेल तर रिकाम्या जागेत कण जवळजवळ सरळ रेषेत येतो. वरची खरी असेल तर मी वर लिहिलेलं सगळं लागू.

फील्ड मोजायची दुसरी पद्धत फॅरडे रोटेशन. लांबून आलेल्या रेडिओ लहरींचं पोलरायझेशन, म्हणजे लहरीच्या कंपनाची दिशा, मॅग्नेटिक फील्ड असलेल्या प्लाझ्मातून जाताना फिरतं, वेव्हलेंग्थ जेवढी जास्त तेवढं जास्त, वर्गाच्या प्रमाणात. आपलं जीएमआरटी अशाच कमी फ्रिक्वेन्सीवर काम करतं, ४५ मीटरच्या ३० डिश, नारायणगावच्या पुढे खोडदला, प्रा. गोविंद स्वरूप ह्यांनी उभं केलेलं. पण हे रोटेशन फील्ड गुणिले इलेक्ट्रॉनची घनता असं असतं, त्यामुळे जिथे इलेक्ट्रॉनच नाहीत तिथे ही पद्धत हात टेकते. जिथे काही आहे तिथे मात्र छान चालते, आणि तिथूनच पुढचा मुद्दा येतो, की रिकामी जागा सगळीकडे सारखी रिकामी नाही.

ढोकळा कापल्यावर आतली जाळी दिसते ना, विश्वाची मोठ्या स्केलवरची रचना तशी आहे. मधे पोकळ्या, त्यांच्याभोवती पातळ भिंती आणि धागे, आणि धागे जिथे मिळतात तिथे गॅलक्सींचे क्लस्टर. फील्ड पण तसंच वाटलेलं आहे. क्लस्टरच्या आत मायक्रोगॉस, म्हणजे नॅनोगॉसच्या हजारपट. धाग्यांमधे अलीकडे रेडिओ निरीक्षणांवरून तीसेक नॅनोगॉसच्या घरातले आकडे येतायत. २०१९ मधे युरोपातल्या लोफार टेलिस्कोपने एबेल ३९९ आणि एबेल ४०१ ह्या दोन क्लस्टरना जोडणाऱ्या पट्ट्यातून रेडिओ उत्सर्जन पकडलं, तेव्हा आमच्या ग्रुपमधे दोन दिवस दुसरं काही बोलणं नव्हतं, कारण फील्ड क्लस्टरच्या बाहेर पण आहे हे डोळ्यांनी दिसलं. पोकळ्यांमधे काय आहे ते कोणालाच धड मोजता आलेलं नाही.

आता वरचा पाठ केलेला आकडा वापर. ३० नॅनोगॉसच्या धाग्यात १०० ईईव्हीच्या प्रोटॉनची त्रिज्या सव्वा कोटी प्रकाशवर्षांच्या खाली येते, आणि ३२ लाख प्रकाशवर्षांच्या एकाच खणात तो पंधरा-सोळा अंश वळू शकतो. सगळ्या पोकळीने मिळून जेवढं वळवलं त्यापेक्षा एक धागा जास्त वळवतो. १ मायक्रोगॉसच्या क्लस्टरमधे त्रिज्या साडेतीन लाख प्रकाशवर्षं, आणि क्लस्टर कोटभर प्रकाशवर्षं रुंद, म्हणजे तिथे कण आतल्या आत घिरट्या घालतो, आणि जड केंद्रक तर बाहेर पडायच्या आधीच फुटून जायची शक्यता मोठी. म्हणून एका दिशेला सरासरी वळण किती हा प्रश्नच मला फारसा आवडत नाही. वाटेत धागा लागला का, कुठे लागला, उगमाजवळ का आपल्याजवळ, हे विचारायला पाहिजे. उगमाजवळचा धागा आपल्याला दिसणाऱ्या दिशेत फारसा फरक पाडत नाही, फक्त उशीर करतो. आपल्याजवळचा धागा पूर्ण चित्र सरकवतो. हे समजायला एका कागदावर दोन रेषा काढ, लगेच दिसेल.

पुण्यात बसून ह्या धाग्यांबद्दल बोलताना सरस्वतीचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. २०१७ मधे आयुका आणि आयसर ह्या पुण्यातल्या संस्थांच्या लोकांनी चार अब्ज प्रकाशवर्षांवर एक सुपरक्लस्टर शोधला आणि त्याला सरस्वती नाव दिलं, साधारण ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला. तिथून १०० ईईव्हीचे कण आपल्यापर्यंत यायचे नाहीत, फार लांब. पण अशाच भिंती आणि धागे आपल्या शेजारी पण आहेत आणि त्यांचा नकाशा हाच आमचा रस्त्यांचा नकाशा. ह्याच टीमचे जयदीप बागची ह्यांनी २००६ मधे सहकाऱ्यांबरोबर एबेल ३३७६ ह्या क्लस्टरभोवती रेडिओच्या दोन प्रचंड कमानी दाखवल्या होत्या, क्लस्टर एकमेकांवर आदळताना उठलेल्या शॉकच्या, आणि अशा शॉकमधे कण १० ईईव्हीपर्यंत जाऊ शकतात असं त्यात मांडलं होतं. म्हणजे जे फील्ड कणांना भरकटवतं तेच कुठेतरी त्यांना घडवत पण असतं. शॉकच्या दोन्ही बाजूंनी कणाला परत परत आत ढकलणारं मॅग्नेटिक फील्ड नसेल तर तो कण एवढी एनर्जी कमावूच शकत नाही.

आता कमी एनर्जीकडे ये, १ ईईव्हीच्या आसपास. तिथे १ नॅनोगॉसमधे प्रोटॉनची त्रिज्या खणाएवढीच होते, म्हणजे तो प्रत्येक खणात दिशा पूर्ण हरवतो आणि नुसता भटकतो. भटकणाऱ्याने विश्वाच्या वयात, १३.८ अब्ज वर्षांत, किती लांब जावं? साधा हिशोब करून ३० कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास येतं. प्रकाश तेवढ्याच वेळात त्याच्या पंचेचाळीस पट लांब गेला. म्हणजे त्या पलीकडच्या उगमांमधून निघालेले कमी एनर्जीचे कण अजून पोचलेच नाहीत, वाटेत आहेत. ह्याला मॅग्नेटिक होरायझन म्हणतात, आणि त्याने स्पेक्ट्रमचा खालचा भाग दबतो. ऑजेच्या स्पेक्ट्रमला मॉडेल बसवताना उगमातून कमी एनर्जीचे कण जवळजवळ निघतच नाहीत असं विचित्र काहीतरी धरावं लागतं, आणि होरायझन धरलं की ती सक्ती बरीच सैल होते. मला हे स्पष्टीकरण आवडतं, पण त्याला नॅनोगॉसच्या आसपासचं फील्ड लागतं आणि उगमांची गर्दी कमी लागते, दोन्ही एकदम.

उलट एक गोष्ट फील्डला जमत नाही. सगळ्या दिशांनी सारखेच कण येत असतील तर कितीही गुंतागुंतीचं फील्ड मधे ठेव, तुला तरी सारखेच येताना दिसणार, हा लिउव्हिलचा थिअरम. फील्ड ठिपका पुसू शकतं, पण समान आकाशात नवा ठिपका काढू शकत नाही. म्हणून २०१७ मधे ऑजेने जेव्हा सांगितलं की ८ ईईव्हीच्या वरचे कण एका बाजूच्या आकाशातून साडेसहा टक्क्यांनी जास्त येतात, आणि ती बाजू आपल्या आकाशगंगेच्या केंद्रापासून १२५ अंश लांब आहे, तेव्हा ते मूळचंच असमान आहे हे पक्कं झालं, आणि हे कण आपल्या गॅलक्सीच्या बाहेरून येतात ह्याचा इतका सरळ पुरावा त्याआधी नव्हता.

त्याच्या दहा वर्षं आधीची गोष्ट मात्र वेगळी. नोव्हेंबर २००७ ला ऑजेचाच पेपर आला, २७ पैकी २० कण जवळच्या सक्रिय, म्हणजे केंद्रात पदार्थ गिळणारं ब्लॅक होल असलेल्या गॅलक्सींपासून तीनेक अंशांच्या आत. मी तो प्रिंट काढून कॅन्टीनमधे टेबलावर पसरून बसले होते, वाटलं झालं, सापडलं, फील्ड कमजोर आहे आणि कण प्रोटॉन आहेत. पुढे डेटा वाढला तसं ते प्रमाण ३८ टक्क्यांवर आलं, जे नुसत्या योगायोगाने २१ टक्के आलं असतं. माझा अर्धा-मुर्धा लिहिलेला पेपर मी बाजूला ठेवला. तेव्हापासून तीस-चाळीस कणांवर बांधलेल्या नकाशावर मी घाईने मत देत नाही. युटाच्या, ऑजेसारखेच कण पकडणाऱ्या टेलिस्कोप अॅरेने २०१४ मधे सप्तर्षीच्या बाजूला २० अंशांचा हॉटस्पॉट, म्हणजे जास्त कण येणारा डाग, दाखवला, २०१८ मधे ऑजेने वेगाने तारे बनवणाऱ्या स्टारबर्स्ट गॅलक्सींशी १३ अंशांच्या डागाने जुळणी दाखवली, दोन्हीकडे मी आशेने बघते आणि थांबते.

शेवटी अमातेरासु. २७ मे २०२१, टेलिस्कोप अॅरे, २४४ ईईव्ही, २३ डिटेक्टर वाजले, आणि दिशा मागे नेली तर लोकल व्हॉइड, म्हणजे आपल्या शेजारची पोकळी. तू विचारलंस की रिकाम्या जागेतून कसा आला. त्याची दिशा जिकडे दाखवते तिकडे तो जन्मला असं धरलं तरच हा प्रश्न येतो. गॅलक्सींच्या मधलं फील्ड बाजूला ठेव, घरात शिरल्यावर आपल्या आकाशगंगेचं काही मायक्रोगॉसचं फील्ड आहेच, आणि ते नक्की आहे, त्यावर वाद नाही. प्रोटॉन असेल तर एवढ्या एनर्जीला तो फार वळणार नाही आणि मग खरंच मोठं कोडं. पण लोखंड असेल तर रिजिडिटी जेमतेम साडेनऊ, आणि साडेनऊ ईईव्हीच्या प्रोटॉनसारखा तो आपल्याच गॅलक्सीत दहा-वीस अंश किंवा जास्त वळू शकतो, म्हणजे पोकळीच्या कडेच्या गॅलक्सींपर्यंत दिशा जाते. तसं मागे नेऊन बघितलंय, त्यात आकाशाचा एक मोठा तुकडा मिळतो, पण त्या तुकड्यात हाच तो म्हणून बोट ठेवावं अशी ठळक गॅलक्सी नाही. मला स्वतःला जड केंद्रक आणि विझलेला उगम ही जोडी सगळ्यात पटते, म्हणजे वर उशिराबद्दल लिहिलं तेच.

तुला हात घालायचा असेल तर ऑजेने २०२१ पासून डेटाचा एक भाग सगळ्यांसाठी खुला ठेवलाय, आणि सीआरप्रोपा नावाचं सिम्युलेशन कोड फुकट मिळतं, चांगल्या लॅपटॉपवर चालतं. पण आधी स्वतः पायथॉनमधे पन्नास ओळी लिही. खण घे, प्रत्येकात फील्डची दिशा रँडम, एक प्रोटॉन सोड, मग हजार सोड, वळणाचा आणि उशिराचा हिस्टोग्राम काढ. सगळे खण सारखे न ठेवता दर विसाव्या खणात फील्ड तीसपट कर आणि तो खण आधी उगमाजवळ आणि मग आपल्याजवळ ठेवून बघ. एनर्जी हलत नाही ना ते आधी तपास. हिस्टोग्रामची शेपटी लांब येईल, सरासरीच्या कितीतरी पुढे गेलेले थोडे कण दिसतील. ती शेपटी घेऊन ये, मी गुरुवारी दुपारी ऑफिसला असते.